ओमप्रकाश हवालदार आणि हरवलेली पुंगळी

ओमप्रकाश हवालदार बसले की खुर्ची दमते, इतके ते दमलेले असतात. कुंभार पिंपळगावच्या या माणसाने पोलिसातल्या नोकरीत चोरांपेक्षा पुंगळ्यांचाच जास्त पाठलाग केला. पुंगळी म्हणजे गोळी सुटल्यावर रायफलीतून उडणारं रिकामं पितळी नळकांडं. वार्षिक गोळीबार सरावात जितक्या गोळ्या झाडल्या, तितक्या पुंगळ्या परत द्याव्या लागतात. एक कमी पडली तरी मैदान सोडायचं नाही.

यंदा सराव नेमका मुलीला, तृप्तीला, बघायला तीर्थपुरीचे पाहुणे यायचे त्याच दिवशी आला. मागचं स्थळ हवालदार बंदोबस्तात अडकले म्हणून मोडलं होतं. सकाळी बायको, शालूबाई, निक्षून म्हणाल्या, "चार वाजता घरी न्हाई दिसले, तर मंग रायफलीसोबतच राहा."

दुपारी सराव आटोपला. सगळ्यांनी एकेक करून गोळ्या झाडल्या होत्या, पुंगळ्या पायाशीच पडल्या होत्या. हवालदारांनी टोपी झटकली. तेवढ्यात नव्या फौजदारांनी एके-४७ उचलली आणि खटका सलग गोळीबारावर आणला.

"साहेब, एकेकच मारा ना."

"हवालदार, लढाईत शत्रू थांबतो का? धडाधड सोडायच्या, डोकं वर काढू द्यायचं नाही!"

"लढाईत ठीक आहे साहेब. तिथं दबावून ठेवायला घडीभर कामी येतं. आपल्या बाजारात चोराच्या मागं भाजीवाली बसलेली असती."

फौजदारांनी चाप ओढला. पहिली गोळी निशाणाला लागली. मग नळी वर चढत गेली, बाकीच्या गोळ्या मागच्या टेकडीत घुसल्या आणि श्वास घ्यायच्या आत मॅगझीन रिकामं! पुंगळ्या मात्र चिवड्यासारख्या चौफेर उधळल्या.

झालं. अख्खी तुकडी गवतात रांगू लागली. फौजदारही रांगले. सगळ्या सापडल्या, एक सोडून. चार वाजून गेले. शालूबाईंचा फोन वाजला, तो हवालदारांनी कानाला न लावता नुसता बघितला.

उन्हं उतरली तेव्हा मैदानाच्या कडेने जयवंताबाई शेळ्या घेऊन निघाल्या. एका शेळीच्या गळ्यातली घंटा नेहमीपेक्षा गोड वाजत होती. हवालदारांचे कान टवकारले. घंटेत टोल देणाऱ्या लोळीच्या जागी पुंगळी लोंबत होती.

"मावशी, ही कुठून आणली?"

"त्या बोरीखाली पडल्ती. लोळी तुटली होती, बराबर बसली बघ."

"इतक्या लांब?"

"मला काय इचारतो? उडवली कोणी?"

सगळ्यांनी फौजदारांकडे पाहिलं. फौजदार शेळीकडे पाहत राहिले. हवालदारांनी स्वतःच्या किल्ल्यांची कडी काढून मावशीला लोळी म्हणून दिली.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. हवालदार मान खाली घालून आत शिरले. पाहुणे अजून बसलेलेच! मुलाचे वडील अण्णासाहेब उठून उभे राहिले. शालूबाईंनी त्यांना 'हे एके-४७ चालवून राह्यले' असं सांगून थोपवलं होतं.

"या व्याही! सांगा, एका दमात किती माणसं लोळवते ती?"

हवालदारांच्या गुडघ्यांना अजून गवत चिकटलेलं होतं. ते भिंतीला टेकत हळूच खाली बसले.

"आज सगळी तुकडी लोळवली," ते म्हणाले. "तृप्ती, पाणी आण बाई."

अण्णासाहेब खूश झाले.

"आता व्याही म्हटलंच आहे," शालूबाई लगेच म्हणाल्या, "तर तारीखही काढून टाका."

तारीख निघाली. हवालदारांनी ती ऐकली नाही. बसल्या जागीच त्यांना झोप लागली होती.