धर्माने मारलेल्या खुणा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून लपवलेलं दुसरं काही माझ्याकडे नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. तीनदा कागद घेतला आणि तिन्ही वेळा गाडीच्या वर्णनातच घुटमळत राहिलो.

तशी गाडी सांगायलाच हवी म्हणा. लाल, बुटकी, दोन माणसांची. महाडला हायवेवर माझं गॅरेज. आमच्याकडे येणार ते ट्रक, जीप, फार तर एखादी टॅक्सी. ही गाडी आली की शेजारचा हॉटेलवाला कढईतली भजी तशीच टाकून बघायला यायचा. मालक मुंबईचे, शर्यतींच्या नादाचे. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. त्यांनी कुणाकडून तरी एक नवी गिअरपेटी घडवून आणली होती. मोटारसायकलसारखी – दांडा मागे ओढला की वरचा गिअर, पुढे ढकलला की खालचा. पण तिचे गिअर पडायचे ते धक्क्याने. आणि पेटीपासून मागच्या चाकांकडे जोर नेणारा शाफ्ट, म्हणजे गाडीच्या पोटाखालचा तो लांब पोकळ दांडा, होता जुना आणि बारीक. त्याला हे धक्के झेपले नसते. शिवाय पेटी आखूड, त्यामुळे शाफ्ट लांबीलाही कमी पडत होता. जाड नळीचा नवा करायचा ठरलं. मुंबईत दोघांनी हे काम नको म्हटलं होतं, मी हो म्हटलं. का? साहेब म्हणाले, "तुमच्या हाताचं नाव ऐकलंय." एवढंच पुरलं.

वेल्डिंग धर्माने केलं. धर्मा दासगावच्या बौद्धवाडीतला, माझ्याच वयाचा. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची पत्र्याची शेड. त्याची एक रीत होती, ती नीट समजून घ्या – सगळं तिथेच आहे. शाफ्टचे दोन तुकडे असतात, दातांवर एकमेकांत सरकणारे. ते कुठल्याही दातावर बसतात; पण शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे कान असतात ते एका रेषेत आले, तरच तो शांत फिरतो. दात चुकला की थरथर, आणि वर जोराचा धक्का बसला की शाफ्ट तुटायचीही भीती. म्हणून धर्मा दोन्ही तुकड्यांवर छिन्नीने एकेक खूण मारी. बसवताना खुणा समोरासमोर आणायच्या, झालं.

"मेस्त्री, आंधळापन बसवील," म्हणायचा, "तुमाला तर चष्मा हाय."

मी ग्रीस भरायला शाफ्ट उघडला. साहेब सकाळपासून घड्याळ बघत माझ्या डोक्यावर उभे. खुणा ग्रीसखाली गेल्या होत्या. फडकं हाताच्या अंतरावर होतं. पुसून बघायला किती वेळ लागतो? तेवढाही मी घेतला नाही. नजरेच्या अंदाजाने बसवला.

पण मी चुकीबद्दल लिहीत नाहीये. चूक झाली, ती कुणाचीही होते. पुढचं मात्र कुणाकडूनही होत नाही.

गाडी चालवून बघायला साहेब निघाले आणि पोलादपूर ओलांडून कापड्याकडच्या चढाला लागले, मागून मी जीपने. त्यांनी दोनदा गिअर ओढला, आणि खालून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. शाफ्ट वेल्डिंगच्या लगत पिळून तुटला. गाडी रस्ता सोडून भाताच्या खाचरात उतरली. साहेबांच्या कपाळाला खोक पडली, तेवढ्यावर निभावलं. गाडी ओढून गॅरेजात आणली, साहेब पट्टी बांधायला दवाखान्यात गेले. मी एकटाच होतो. आता फडकं घेतलं – आता! – आणि पुसलं. दोन्ही खुणा स्वच्छ होत्या, खोल मारलेल्या. दोन्हींमध्ये दोन दातांचं अंतर.

नळी पिळून गेलेली. त्या दोन खुणा सोडल्या तर चूक कुणाची हे सांगणारं तिथे काहीच उरलं नव्हतं. मी कानस घेतली आणि दोन्ही खुणा घासून टाकल्या. वर पुन्हा ग्रीस चोपडलं.

लिहिलं एकदाचं.

साहेब परत आले, पाठोपाठ बातमी ऐकून धर्माही आला. मी म्हणालो, "जोडच तिरका केलाय याने." चार-पाच जण होते, हॉटेलवालाही होता. धर्माने ग्रीस पुसलं, त्या जागेवरून अंगठा फिरवला. ताजं घासलेलं लोखंड चमकतं, हे त्याला कळणार नाही?

"मेस्त्री, मी खूण मारली व्हती हितं."

"नाय मारलीस."

हॉटेलवाला हसला. "धर्मा, तू आपल्या खिडक्यांच्या जाळ्या कर रे. गाड्या तुझं काम नाय."

माझ्याऐवजी धर्माचा दोष आहे हे सगळ्यांना इतक्या पटकन का पटलं, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याची वाडी कोणती, माझी आळी कोणती – त्या फरकाच्या आडोशाला मी उभा राहिलो. धर्माने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो चालता झाला. हायवेवरच्या कुठल्याही गॅरेजने त्यानंतर त्याला शाफ्टचं काम दिलं नाही. तो खरंच जाळ्या करू लागला.

याला आठ वर्षं झाली. मध्यंतरी इथे कारखाने आले. तिथल्या कुणी धर्माचं काम पाहिलं, आणि आता त्याच्याकडे पंपांचे, यंत्रांचे शाफ्ट येतात. शेड दुप्पट झालीय. गेल्या महिन्यात एका ट्रकचा शाफ्ट घेऊन मला त्याच्याकडे जावं लागलं, महाडात आता तेवढं चोख काम दुसरं कुणी करत नाही. भिंतीला पाच-सहा शाफ्ट टेकवलेले, प्रत्येकावर दोन खुणा. त्याने माझंही काम केलं. चहा मागवला. शाफ्ट हातात देताना म्हणाला,

"खुणा पुसून बघा हां, मेस्त्री."

आवाजात राग नव्हता. थट्टाही असेल, कोण जाणे. पण त्याने मला शाफ्ट दिला, आणि त्यावर आपली खूण मारून दिला. मी तो गॅरेजात आणला, फडक्याने पुसला, खुणा समोरासमोर आणून बसवला. ट्रक गेला, काही थरथर नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की हे तोंडाने सांगता येईल.

तो तुटका तुकडा माझ्याकडे आहे, मी टाकलेला नाही. येत्या आठवड्यात तो घेऊन धर्माकडे जाणार आहे. त्याला सांगायचं असं नवं काहीच नाही, त्याला त्या दिवशीच कळलं होतं. ते चार-पाच जण अजून इथेच आहेत, हॉटेलवालाही.

धर्माने खुणा मारल्या होत्या, त्या मी घासल्या – हे एवढं त्या सगळ्यांसमोर बोलणं माझ्याकडून अजून बाकी आहे.