मृगाच्या आधीचा बर्फ

हिमालयातली बर्फाखाली गेलेली खिंड मी मे महिन्यात गाडीने ओलांडायची ठरवली, कारण वर्ध्यात मे महिन्यात फार ऊन असतं.

एवढंच झालं. हे असलं गणित एका धडधाकट माणसाच्या डोक्यात सबंध हिवाळा सुखानं कसं नांदलं, तेवढं सांगायचं आहे.

माझं कुलरचं दुकान आहे. कुलर, त्यातले पंप, वाळ्याच्या ताट्या. मे महिन्यात येणारं गिऱ्हाईक आधी पंख्यासमोर उभं राहतं, शर्टाची बटणं सोडतं, आणि मग तोंडातून शब्द काढतं. अशा महिन्यात पृथ्वीच्या पाठीवर कुठे एखाद्या रस्त्यावर बर्फ पडून असेल, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

बर्फ पाहायचा होता तो दादाला. माझा थोरला भाऊ आंजीला शेती करतो. बर्फ म्हणजे रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेला नव्हे, आभाळातून पडलेला. "एकडाव हातात घेऊन पाहाचा हाय," तो म्हणाला होता, "गुडघा आता बोलून राह्यला. अजून वरीस-दोन वरीस, मंग घाट-गिट काई जमणार नाई."

पण दादाला सुटी मिळणं सोपं नाही. आमच्याकडे पाडव्याला नवा सालगडी ठरतो, आणि मृग लागला की पेरणी. मृगानंतर प्रत्यक्ष देव दारात आला तरी दादा त्याला बांधावरूनच हात जोडेल. म्हणजे मोकळा मिळून मिळून मे महिना. त्यातही सालगडी मे महिन्यात लग्नांसाठी गावी जातो. दादानं त्याच्याशी बोलणं केलं: तू पाडवा झाल्याबरोबर जाऊन ये, तोवर तुझ्या वाटचं काम मी करतो, मे महिना तेवढा मला दे. एरवी शब्द खर्च न करणाऱ्या माणसानं एवढी खटपट केली ती माझ्या भरवशावर. कारण बेत माझ्याकडे होता.

आणि बेत कसा! वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघे गावातल्या आमच्या घरी बैठकीच्या भिंतीवर मी पलंगाच्या चादरीएवढा नकाशा लावला. त्यावर टाचण्या, टाचण्यांना लाल दोरा. मनालीकडून चढायचं, खिंड ओलांडायची, पलीकडच्या उजाड खोऱ्यात दोन मुक्काम, आणि शिमल्याकडून उतरायचं. गेल्या रस्त्यानं परत येणं मला कमीपणाचं वाटत होतं. घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी नकाशा मिळे. पडद्याची दांडी हातात घेऊन मी वळणं समजावत असे. माझा स्वतःचा घाटाचा अनुभव म्हणाल तर रेल्वेचा उड्डाणपूल. लांबच्या रस्त्याचा अनुभव, वडनेरची सासुरवाडी.

मोबाइलनं मात्र सुरुवातीपासून माझ्याशी असहकार पुकारला होता. मनालीकडून रस्ता मागितला की तो खिंड सोडून मला शिमल्याकडून लांबून फिरवी. मी बोटानं ती निळी रेघ ओढून खिंडीवर आणायचो, ती पुन्हा पळायची. पहाडात रेंज नसते, त्यामुळे बिचाऱ्याला खिंडीचं ठाऊक नसेल, असा मी निष्कर्ष काढला.

बायको म्हणाली, "अहो, तिथल्या कोनाले तरी फोन लावून इचारा ना."

"त्यात इचाराचं काय हाय? सारं मोबाइलात हाय," मी म्हणालो. त्याच मोबाइलात, ज्याचं मी ऐकत नव्हतो.

दादालाही एकदा शंका आली होती. नकाशासमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "पण का बे, तिथं बर्फ हाय म्हनतं, अन् रस्ताही खुल्ला हाय म्हनतं. बर्फाले कोनी सांगतलं का, रस्ता सोडून पडजो म्हनून?"

"दादा," मी दांडी टेकवून म्हणालो, "बर्फ डोंगरावर राह्यते. रस्ता सरकारी राह्यते."

दादानं मान हलवली. त्याला पटलं नव्हतं, पण त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. हे आठवलं की आजही मी एकटा असलो तरी मान खाली घालतो.

एप्रिल संपत आला तेव्हा खोली सांगून ठेवावी म्हणून मी त्या खोऱ्यातल्या एका घरी फोन लावला. घरमालकीण बाईंनी उचलला.

"मनाली से आओगे? ऊपर तो बंद है जी. बर्फ है."

"मई में?"

"मई में ही तो. जून में खुलेगा, वो भी ऊपरवाले की मर्जी."

"लेकिन मॅडम, मई में तो इतनी गर्मी रहती."

"किधर?"

"हमारे यहाँ," मी म्हणालो.

बाई हसल्या. कुजकं नव्हतं ते हसणं, लेकराच्या बोलण्यावर हसावं तसं होतं. म्हणूनच जास्त लागलं. हसू आवरून त्या म्हणाल्या, "आप ऐसा करो जी..." आणि मी "हॅलो, हॅलो, आवाज नहीं आ रहा" असं ओरडून फोन बंद केला. त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ येत होता.

दुसऱ्या दिवशी सांगायला म्हणून आंजीला गेलो. ओसरीवर मीच दिलेल्या कुलरसमोर दादा बसला होता. डोक्यावर कानटोपी, हातात लोकरीचे मोजे, आणि दोन्ही हातांनी धरलेली परात. ती तो डावीकडे-उजवीकडे वळवत होता.

"पाहा भाऊजी," वहिनी पदरानं हसू झाकत म्हणाली, "सकाळपासून टोपी घालून बसले हायेत. सवय करून राह्यले म्हनते."

"मोज्यानं स्टेरिंग सटकते का पाहून राह्यलो," दादा म्हणाला. घाम कानटोपीतून निघून गळ्यापर्यंत आला होता. "तू दमला तं मले चालवा लागन ना."

आता सांगायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "टोपी चांगली दिसते."

मला पाणी द्यायला त्यानं मोजे काढले. तळहातांवर फोड फुटून वाळले होते, काही अजून ओले होते. मी पाहत राहिलो तशी वहिनी म्हणाली, "लोखंडी चिमट्यानं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटल्या न् साऱ्या वावराच्या. सालगड्याच्या वाटच्याही. रोज पायटे गुडघ्याले तेल लावून जायचे. म्हन्लं, राहू द्या, तं म्हने, मे महिना इकत घेऊन राह्यलो मी."

मी पाणी प्यायलो. आणखी मागितलं. तेही प्यायलो. मग मागायला काही उरलं नाही.

"दादा, खिंड बंद हाय."

"कोन्ती?"

"आपली."

"कवा उघडते?"

"जूनमध्ये."

"जूनमध्ये कवा?"

"मृगाच्या आसपास."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कानटोपी काढली, मोजे तिच्यात नीट घालून घडी केली, आणि घडी मांडीवर ठेवून कुलरकडे पाहत राहिला. वहिनीनं परात उचलून आत नेली.

"दुसरा रस्ता?" त्यानं विचारलं.

"मालूम नाई."

"इचारलं नाई?"

"फोन कटला."

"कटला, का तू काटला?"

दादानं हात पुढे केला. मी नंबर लावून, स्पीकर सुरू करून मोबाइल त्याच्या हातात दिला. तो फोनवर बोलतो म्हणजे अर्ध्या आळीला ऐकू जातं.

"हॅलो बहनजी, मैं वर्धा से बोल रहा. कल जिसका फोन कटा ना, उसका बडा भाई."

"अरे जी, उन्होंने तो पूरा सुना ही नहीं! शिमला की तरफ से आ जाओ, वो खुला है. जैसे आओगे वैसे ही लौट जाना."

"बर्फ दिखेगा क्या?"

"मेरे घर के पीछे पडा है."

दादानं क्षणभर डोळे मिटले. मग दोघांचं जे सुरू झालं ते थांबेना. तिकडे वाटाणा पेरतात, त्याला बर्फाचंच पाणी. इकडे कापूस कसा, जमीन काळी म्हणजे किती काळी. मधेमधे दादा विचारत होता, चढताना मुक्काम कुठे करायचा, दम लागला तर काय करायचं, पेट्रोल शेवटचं कुठे. बाई सांगत होत्या. हे सारं कालच मला सांगायला त्या तयार होत्या. आणि तो शिमल्याकडचा रस्ता म्हणजे मोबाइलातली तीच निळी रेघ, जिला मी सगळा हिवाळा बोटानं हुसकावत होतो.

फोन ठेवून दादानं घडी उलगडली आणि कानटोपी पुन्हा घातली.

मला आपलं काहीतरी उपयोगी बोलावंसं वाटलं. "मंग मी नकाशा बदलतो, दादा. लाल दोरा शिमल्याकडून..."

"दोरा राहू दे," दादा मोजे चढवत म्हणाला. "गाडी तू चालवजो. मी समोर बसतो, अन् चौकाचौकात काच खाली करून इचारतो. तुले लेका इचाराची लाज वाटते, चुकाची वाटत नाई."