पंधरावा मजला

संध्याकाळी बसमधून उतरलो की रस्त्यापलीकडून मी आमची बावीस मजली इमारत पाहत उभा राहतो. सगळीकडे दिवे लागलेले असतात, पंधरावा मजला तेवढा काळोखा. तिथे कुणी राहत नाही. आग लागली तर वरच्यांनी उतरून मोकळ्या हवेत थांबावं, म्हणून तो रिकामा ठेवलाय.

या शहरात लोक जिन्याखालची जागासुद्धा सोडत नाहीत. आणि ही इमारत कागदावर काढणाऱ्याने, कधीच येऊ नये अशा एका दिवसासाठी अख्खा मजला सोडला! आमच्यापैकी कुणाचं तोंडही न पाहता. घरी यायला उशीर होणाऱ्यासाठी भाकरी झाकून ठेवावी, तसा. उंच बांधणं त्यामानाने सोपं असावं.

गेल्या रविवारपर्यंत मीही त्याला वाया गेलेली जागाच म्हणत होतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिथे वाढदिवसांसाठी हॉल करायचं निघालं, तेव्हा मी मान डोलावली. तेवढ्यात विसाव्या मजल्यावरच्या लेलेकाकू काठी टेकत उठल्या.

"मी जिना उतरून पाहिलाय," त्या म्हणाल्या. "खालपर्यंत नाही जमत मला. पंधराव्यापर्यंत जमतं."