ओलं फडकं

मामांनी नवा कार्बोरेटर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि जनूशेठ खालून नट आवळत होता. तुर्भ्याचं गॅरेज, नव्वदच्या दशकातली एक दुपार... पिकअप आमची. जुनी, पेट्रोलवर चालणारी.

दादा, म्हणजे माझे वडील, तिच्यातून लाद्या पोचवायचे. बेलापूरला पारसिकच्या टेकडीवर तेव्हा बंगले उठत होते. भरल्या गाडीने त्या चढावर ती हमखास बंद पडायची. इंजिन तापलं की पेट्रोल पुढे सरकत नसे.

मग मामा उतरायचे. बॉनेट उघडून कार्बोरेटरवर ओलं फडकं अंथरायचे, वरून बाटलीतलं पाणी सोडायचे. मामा आईचे धाकटे भाऊ. कंपनी बंद पडल्यापासून आमच्याकडेच राहायचे आणि हेच त्यांचं काम होतं. सकाळी बाटली भरताना ‘ड्युटीवर चाललो’ म्हणायचे... घरात कुणी हसत नसे.

जनूशेठ तळवलीचा. नट आवळून उठला.

“झाला. मॅनिफोल्ड मोठा, फिल्टर मोठा, हवा भरपूर. आता पानी नको, फडका नको. पावना घरी झोपला तरी चालंल.”

“चला, सुटलो,” मामा म्हणाले आणि हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

ट्रायलला लाद्या भरूनच निघालो. मी कॉलेजला सुट्टी म्हणून सोबत, दादा आणि मामांच्या मधे. गाडी चढाला लागली आणि चढतच राहिली. दादांची बोटं स्टिअरिंगवर ठेका धरत होती. मामांच्या मांडीवर बाटली होती.

नेहमीचं वळण आलं.

“दाजी, जरा थांबा. तापली असंल.”

“न्हाई तापली.”

“बघतो की. बघायला काय जातंय?”

दादांनी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. मामांनी बॉनेट उघडलं, फडकं भिजवलं आणि सवयीने नेहमीच्या जागी अंथरलं... तिथे आता नव्या फिल्टरचं उघडं तोंड होतं. फडकं आत ओढलं गेलं. गाडीने आचके दिले आणि बंद पडली.

मामा हात खाली सोडून उभे राहिले.

“पोरी, चाकामागं दगड लाव,” एवढंच म्हणून दादा उतरले. त्यांनी फडकं ओढून सोडवलं. मला वाटलं, आता मामांना बोलणार.

त्यांनी ते पुन्हा भिजवलं. वाकून खाली पेट्रोलच्या पंपावर ठेवलं.

“पावणं, जागा बदलली आता. हितं ठेवायचं. पंप तापतोच. जनूला भरल्या गाडीचं काय कळतंय?”

“मी तेच म्हणत हुतो,” मामा म्हणाले. फडक्याचं एक टोक लोंबत होतं, ते त्यांनी नीट आत सारलं.

दादांना खोटं बोलता येत नाही, असं आई नेहमी सांगायची. माझाही तोवर तोच समज होता...

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी बाटली भरली. टेकडीच्या वळणावर गाडी चांगल्या जोरात होती. दादांनी ती थांबवली.