पोटरीचं माप

मी कॉलेजात जायला लागले तेव्हापासून बाबा आमच्याच घरात पाय चोरून वावरू लागले. ओटीवर मी पुस्तकं मांडून बसले की ते भिंतीच्या कडेकडेने जात. घराण्यात पुस्तक घेऊन बसणारी मी पहिलीच. निकालाच्या दिवशी मी नमस्काराला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. त्याला आदर म्हणावं की संकोच, मला अजून नीट सांगता येत नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भातकापणीच्या तोंडावर गावात फ्लूची साथ आली. बाबा ताप-खोकल्याने अंथरुणाला खिळले. उतार पडेना, तेव्हा एस.टी.ने त्यांना रत्नागिरीच्या इस्पितळात आणलं.

तिथले डॉक्टर तरुण होते. छाती तपासून झाली की ते प्रत्येक तापकऱ्याच्या पायांवरची चादर सारत, पोटऱ्या दाबून बघत आणि शिंप्याकडे असते तसल्या टेपने मोजत. शेजारच्या खाटेवरचे भाट्ये गावचे म्हातारबुवा म्हणाले, "डॉक्टर, पायजमा कधी देताय शिवून?" सगळा वॉर्ड हसला, बाबाही हसले. डॉक्टरांनी मला समजावलं की असल्या तापात माणूस पडून राहिला की कधीकधी पायात रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जातो. फुप्फुसातली गुठळी दाखवणारं यंत्र मुंबईला, इथे आपली टेप आणि बोटं.

बाबांची पाळी आली आणि त्यांनी पाय पोटाशी ओढून घेतले.

"नको डॉक्टर. माज्या पायांस तुमी हात नाय लावायचा. एवढी शिकलेली मान्सं तुमी."

डॉक्टरांनी समजूत घातली, मग जरा चिडलेही. बाबांचं एकच, पायांना काही झालेलं नाही. मी टेप मागून घेतली, तर म्हणाले, "तू तर नकोच, बाये."

संध्याकाळी आई पेज घेऊन आली. तिला ते नाही म्हणाले नाहीत. टेपवरचे आकडे तिला वाचता येत नव्हते, म्हणून तिने पिशवीची नाडी ओढून काढली, उजव्या पोटरीभोवती गुंडाळली आणि टोक जिथे पोचलं तिथे गाठ मारली. मग तीच नाडी डाव्या पोटरीला लावली. टोक गाठीपर्यंत पोचेना. मध्ये दोन बोटं जागा राहिली.

"दुखतंय?" आईने विचारलं.

"ठणकतंय जरा. पन तापासाठी आलोय ना आपन."

मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. या वेळी त्यांनी न विचारताच पाय हातात घेतला. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. रक्त पातळ करायचं इंजेक्शन लगेच सुरू झालं.

सकाळी आई त्यांना चहा पाजत होती. त्यांनी बशी बाजूला केली, छातीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बाये, वारा घाल गो." मी वहीने वारा घालू लागले. डॉक्टर पळत आले, पण तोवर बाबा गेले होते.

डॉक्टर पायथ्याशी उभे राहिले. थोड्या वेळाने आई म्हणाली, "पाया पड." मी वाकले. डावा पाय अजून सुजलेला होता. मी बराच वेळ हात काढला नाही.