डावीकडचं बटण

प्रसेनजीतच्या संगणकाला रोग लावला तो मी. साल २००३. राजारामपुरीतल्या माझ्या क्लासची प्रश्नपत्रिका फ्लॉपीवर घेऊन शिरोली एमआयडीसीत तो कामाला होता त्या फाउंड्रीत फुकट छापायला गेलो, आणि फ्लॉपीतल्या व्हायरसनं ट्रक तोलायच्या वजनकाट्याचं विंडोज आडवं केलं.

मालक आण्णा म्हणाले, "पंधरा दिवस देतो. न्हायतर पुण्याचं तयार सॉफ्टवेअर आणतो."

म्हणजे प्रसेनजीतची सात वर्षं भंगारात. पडद्यावर खिडक्या, बटणं, याद्या काढणारा प्रोग्रॅमचा एक सांगाडा त्यानं स्वतः लिहिला होता. आधी डॉसवर चालवला, मग विंडोजवर. मला समजावताना म्हणायचा, "ट्रकची बॉडी तीच सर, खालची चेसिस तेवढी बदलायची." आता नवी चेसिस, सहसा व्हायरस न लागणाऱ्या लिनक्सची. आणि माझ्यादेखत त्यानं संगणकाच्या फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी मारली.

पहिले चार दिवस खिडकी उघडायची ती बटणांशिवाय. पुढं बटणं आली, पण दाबलं की खिडकीच गायब. तोवर काट्यावरच्या चिमणाबाई पावत्या हातानं लिहीत होत्या.

पंधराव्या दिवशी सगळं चालू झालं. दुपारी आण्णांनी यादी उघडली, तर कोरी. अकरा ट्रक तोलले, नोंद एकाचीही नाही.

"काय केलासा ओ बाई?"

"दर ट्रकला दाबलंय की डावीकडचं," चिमणाबाई म्हणाल्या.

बाईंना इंग्रजी येत नाही. सात वर्षं नजर ट्रकच्या चाकांवर. 'ओके' डावीकडं, एवढं हाताला पाठ. नव्या सिस्टिमची रीत उलटी: 'ओके' उजवीकडं, डावीकडं 'कॅन्सल'. प्रसेनजीतनं ती इमानानं पाळली होती.

"आण्णा, बाईंनी आता नवी रीत शिकायला..." मी तोंड घातलं.

"बाईंचं काय चुकलं न्हाय," प्रसेनजीत म्हणाला. "नव्या पावण्याचा मान राखताना मी घरचं माणूस इसरलो."

दहा मिनिटांत त्यानं सांगाड्यातच बटणांची जागा पूर्ववत केली. अकरा वजनं बाईंच्या पावतीवहीत होतीच. यंत्रावर त्यांचा भरवसा अजून बसला नव्हता. बारावा ट्रक आला, बाईंनी न बघता डावीकडचं दाबलं, आणि यादीत पहिली ओळ उमटली.

आण्णांनी ती दोनदा वाचली. "पुण्याला नको म्हणून कळवा," म्हणाले आणि भट्टीकडं गेले.

मी भारावलो. "प्रसेनजीत, तुझ्यावर लेख लिहितो. इथंच टाइप करू का?" म्हणत खिशातून फ्लॉपी काढली.

त्यानं चिमणाबाईंची पावतीवही माझ्यापुढं सरकवली.

"हातानं लिवा."