नमुना एक लिटर

पाण्याचा नमुना एक लिटर घ्यायचा, असा नियम आहे. किस्सा किती घ्यायचा याला काही नियम नाही, म्हणून तो साठतच जातो! बाटल्या निदान तपासणी झाली की धुऊन पालथ्या घालता येतात. किश्शांचं तसं नाही. चार माणसं जमली आणि चहा आला की ते आपोआप बाहेर पडायला लागतात, आणि मग आमच्या घरचे हळूच पंखा बंद करून उठतात.

मी जळगावात एका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर जळगाव-धुळ्याची गावं फिरायची, विहिरी, हातपंप, बोअर यांचे नमुने घ्यायचे, आणून तपासायचे. गाडीत आम्ही तिघं. स्टिअरिंगवर भुसावळचे रफीकभाई. त्यांच्या शेजारी भूवैज्ञानिक सोनवणे साहेब, रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेले. मागे मी आणि बर्फाची पेटी. करकचून ब्रेक लागला की साहेब मागे वळून विचारतात, "बाटल्या ठीक?" माझी चौकशी त्यानंतर, आणि तीही मूड असला तर!

गावात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला. "साहेब, टँकर कव्हय येई?"

"टँकर आमच्याकडे नाही, आम्ही फक्त पाणी तपासतो."

"मंग पहिले पानी ते येऊ द्या, मंग तपासा!"



* * *

हातपंपाचा नमुना घ्यायच्या आधी पाच मिनिटं पंप मारून पाइपातलं जुनं पाणी सोडून द्यायचं असतं. मग त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, आणि मग भरायची. पुस्तकात वाचायला हे फार छान वाटतं. धरणगावकडच्या एका गावात, मे महिन्यात, रिकामे हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर करून बघा!

रफीकभाई पंप मारत होते, पाणी वाहून चाललं होतं आणि बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, की जणू मी त्यांच्या दारात दूध ओततेय. शेवटी साठीच्या एक अक्का पुढे आल्या. "मॅडम, आठे प्यावाले पानी नही आन् तुम्ही सांडी राहिनात?"

मी नियम समजावून सांगितला. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतला. घरी गेल्या, एक घमेलं आणि दोन शेळ्या घेऊन आल्या, आणि घमेलं बरोबर माझ्या बाटलीखाली धरलं. मी एकदा विसळली, दोनदा विसळली, तीनदा विसळली. मोठी शेळी सगळं पिऊन गेली. मी बाटली भरायला लागले, तर अक्कांनी माझा हात धरला.

"अजून एक दाव धोई ल्या ना मॅडम, धाकली ऱ्हाई गयी!"

* * *

साक्रीकडच्या एका विहिरीवर सोनवणे साहेब पाण्याची पातळी मोजत होते. वजन लावलेली टेप खाली सोडायची, वजन पाण्याला टेकलं की आकडा लिहायचा. साहेबांनी टेप सोडली आणि मला म्हणाले, "लिहा, अकरा मीटर."

विहिरीच्या काठावर एक आबा विडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "नही साहेब. अजून चार-पाच हात खाले शे."

साहेबांनी त्यांना टेप दाखवली. टेप कशी बनते, का चुकत नाही, तेही सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चार-पाच हात."

साहेब चिडले. टॉर्च मारून वाकून पाहिलं, तर काय! टेपचं वजन एका कपारीवर जाऊन बसलेलं! टेप सरकवून पुन्हा सोडली, तेरा मीटर भरले. साहेबांचा चेहरा एकदम बदलला. माणूस मनाचा मोठा आहे. आबांच्या शेजारी जाऊन बसले आणि मला वही काढायला लावली. म्हणाले, "मॅडम, हे पारंपरिक ज्ञान कुठेतरी नोंदवलं पाहिजे. आबा, तुम्ही कसं ओळखलंत? आवाजावरून? की गारव्यावरून?"

आबांनी विडी विझवली. "मागला साले पडेल व्हतू ना मी त्यामा! तीच कपारले धरीसन दोन घंटा बसनू व्हतू. पानी तठेन बी खाले व्हतं."

साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'स्थानिक माहितीवरून पडताळणी केली.'

* * *

पारोळा रोडला एका हवालदाराने लिफ्ट मागितली. रफीकभाई खाकी दिसली की ब्रेक आधी मारतात, कारण नंतर शोधतात. हवालदार मागे माझ्याशेजारी बसले. ऊन मरणाचं होतं. आम्ही ज्या गावातून निघालो होतो तिथे जुलाब-उलट्यांची साथ होती, म्हणूनच तर गेलो होतो. पेटी भरल्यामुळे सात नंबरची बाटली सीटवर ठेवली होती.

मी पुढे वाकून साहेबांना रस्ता सांगत होते. मागे वळले, तेव्हा हवालदारांनी अर्धी बाटली रिचवली होती!

"गोड आहे हो पाणी!" ओठ पुसत ते म्हणाले. "कुठलं?"

साहेब मागे न बघता म्हणाले, "गोड आहे का, तेच तपासायला नेतोय."

हवालदारांनी बाटलीवरचं लेबल वाचलं, गावाचं नाव वाचलं, आणि त्यांचा चेहरा बघवेना. मी त्यांना सांगितलं, की डॉक्टरकडे जा, मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा, आणि जंतूंचा रिपोर्ट दोन दिवसांनी येईल तो मी स्वतः कळवीन. त्यांनी माझा नंबर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "मॅडम, माझा रिपोर्ट आला का?"

"तुमचा नाही हो, विहिरीचा."

"आता काय फरक राहिलाय मॅडम!"

रिपोर्ट आला. विहीर पार नापास! गावाला ब्लीचिंग पावडर टाकायला कळवलं आणि लगेच हवालदारांना फोन लावला. आवाज खोल गेलेला.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले, "मला कालच मिळाला."

* * *

लोक प्रयोगशाळेतही पाणी घेऊन येतात. एकदा एक रिटायर्ड गुरुजी आले. टोपी, इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीत हात घालून त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि मग टेबलावर ठेवली ती दारूची क्वार्टर!

"ही माझी नाही," गुरुजी म्हणाले. "शाळेच्या मागे सापडली. चार वेळा धुतली आहे."

मी म्हटलं, "गुरुजी, ही चालत नाही. स्वच्छ, वास नसलेली बाटली लागते." आमची बाटली देते, असं मी पुढे म्हणणार होते, पण गुरुजींना ते इतकं लागलं, की ते तडक बाहेर गेले. दहा मिनिटांनी परत आले, तेव्हा हातात मिनरल वॉटरची नवी कोरी बाटली.

"आता ठीक? ही आत्ता विकत घेतली. आतलं सगळं पाणी ओतून दिलं, आणि क्वार्टरमधलं यात भरलं!"

* * *

आम्ही गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट देतो. त्यातली एक परीक्षा अगदी सोपी आहे. छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी काळं पडलं, की त्यात जंतू आहेत समजायचं. भडगावजवळच्या एका गावात प्रशिक्षण होतं. सरपंचांनी आम्हाला आग्रहाने घरी नेलं आणि काचेच्या ग्लासातून पाणी दिलं. "आमच्याकडे विहिरीचं चालत नाही मॅडम. फिल्टर आहे!"

फिल्टर देवघराच्या शेजारी होता. त्याला हळद-कुंकू लावलेलं होतं, हारही होता. फक्त तो आणल्यापासून कुणी उघडून धुतलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बाटल्या रांगेत लावल्या. सार्वजनिक विहीर, स्वच्छ. शाळेचा नळ, स्वच्छ. शेवटची बाटली डांबरासारखी काळी! लेबलवर सरपंचांचं नाव.

सरपंच उसळले. "माझ्या घरची बाटली कुणी भरली?"

पाच बायकांमधून एक पदर सावरत पुढे आल्या. सौभाग्यवती सरपंच!

"मी भरली. चार महिने झाले सांगते, तो फिल्टर धुवायला माणूस बोलवा. मी सांगितलं तर कटकट होते. आता बाटलीनेच सांगितलं!"

त्या दिवसापासून सरपंचांच्या घरी विहिरीचं पाणी जायला लागलं. आणायला सरपंच स्वतः जातात, असं कळलं.

* * *

सोनवणे साहेबांचा उभा दावा नारळवाल्यांशी. म्हणजे हातावर नारळ ठेवून शेतात फिरणारे, आणि नारळ उभा राहिला की 'इथे बोअर मारा' म्हणणारे. साहेब प्रत्येक गावात त्यांच्याविरुद्ध अर्धा तास बोलतात. रफीकभाईंना ते भाषण पाठ आहे, साहेबांचा घसा बसला की ते पुरं करतात.

एके दिवशी प्रयोगशाळेत एक माणूस आला. कपाळाला टिळा, खांद्याला झोळी, झोळीत नारळ. साहेब खुर्चीतून उठलेच. "इथे काय काम?"

त्याने झोळीतून नारळ बाजूला सारला आणि खालून पाण्याची बाटली काढली. चांगली, स्वच्छ.

"साहेब, वावरमा बोअर मारी. पानी बी लागनं. पन पोरगी सांगस, खारं लागस."

"मग विचार की तुझ्या नारळाला!"

"इचारं ना साहेब," तो अगदी गरिबीने म्हणाला. "पानी कोठे शे, ते त्याले समजस. क्षार कितला शे, ते नही समजत."

साहेबांनी त्याला चहा पाजला. पाणी खारंच निघालं. हल्ली तो महिन्यातून एकदा येतो. दोघं अर्धा-अर्धा तास भांडतात आणि मग नारळ फोडून खातात.

* * *

शिंदखेड्याकडच्या एका गावातून आम्हाला एकाच दिवशी दोन अर्ज आले. विहीर एकच. एका अर्जात लिहिलेलं, 'विहिरीच्या पूर्व बाजूचे पाणी तपासावे.' दुसऱ्यात, 'पश्चिम बाजूचे.'

जाऊन बघतो, तर दोन सख्खे भाऊ. थोरले नाना, धाकटे बापू. वाटणीचा बांध बरोबर विहिरीपर्यंत आलेला, विहीर सामाईक. काठावर समोरासमोर दोन मोटारी. बांधाच्या अलीकडे नानांचं घर, पलीकडे बापूंचं. आठ वर्षं एकमेकांशी शब्द नाही. नानांचं म्हणणं, बापूने त्याच्या बाजूला युरिया ओतून पाणी नासवलं. बापूंचंही अगदी तेच म्हणणं, फक्त नाव बदलून.

साहेबांनी डोक्याला हात लावला. पण अर्ज दोन, म्हणून बाटल्या दोन. मी पूर्वेला वाकून एक भरली, पश्चिमेला वाकून दुसरी.

रिपोर्ट घेऊन गेलो. नाना एका काठावर, बापू दुसऱ्या. मध्ये मी. दोन्ही रिपोर्ट वाचून दाखवले. सगळे आकडे सारखे! साहेब विजयी मुद्रेने बघत होते.

"पाहा!" नाना ओरडले. "मी काय सांगत व्हतू? मन्हं पानी तो चोरस!"

"मॅडम, त्याले इचारा," बापू ओरडले, "मन्ह्या बाजूनं पानी त्याना बाजूले गयं कसं?"

रफीकभाई गाडीमागे जाऊन हसून आले.

मी दोघांना गप्प केलं आणि मुद्द्याचं सांगितलं. पाण्यात नायट्रेट फार आहे. लहान बाळाच्या पोटात हे पाणी जाता कामा नये. बाळाच्या रक्ताला प्राणवायू पुरत नाही, अंग निळं पडतं, जिवावर बेततं.

दोघंही एकदम नानांच्या घराकडे वळले. नानांच्या ओसरीवर झोळी टांगलेली होती. त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती, बाळ तीन आठवड्यांचं. बापूंनी ते अजून पाहिलं नव्हतं.

"मॅडम," बापू हळू आवाजात म्हणाले, "त्याले इचारा, पोर काय पेस?"

"त्याले सांगा, मायनं दूधच पेस," नाना म्हणाले. मग पुढे, "घुटी मात्र पानीमा उगाळतस. पन उकाळीसन!"

मी म्हटलं, "नाना, उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं, तसं वाढतं."

नाना काठावर खालीच बसले. मी त्यांना विचारत होते, की बाळाचे ओठ, नखं कशी आहेत, दूध नीट पितं का. नखं गुलाबी होती, सगळं ठीक होतं. तरी दवाखान्यात दाखवून आणा म्हटलं. तेवढ्यात पलीकडे मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. बापू निघून गेले होते.

आमचा चहा संपतो न संपतो, तोच ते परत आले. गाडीला दोन्ही बाजूंना दोन कॅन. गावच्या नळाचं पाणी. त्याचा चांगला रिपोर्ट मी त्याच सकाळी ग्रामपंचायतीत दिला होता. बापूंनी कॅन उतरवून बांधावर ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, त्याले सांगा, हाई मन्ह्या बाजूनं पानी नही शे. गावनं शे."

दोघांच्या मध्ये दोन हातांचं अंतर होतं. मी नानांना सांगितलं.

नानांनी कॅनकडे पाहिलं, टॉवेलने तोंड पुसलं. मग म्हणाले, "मॅडम, त्याले सांगा, मन्ही कंबर दुखस. मन्हाथीन कॅन उचलावनार नही. त्यालेच घरमा लई येनं पडी."

मी वळले. "बापू, नाना म्हणतात—"

"ऐकू उनं, मॅडम," बापू म्हणाले, आणि बांधावरच चपला काढल्या. नानांचं घर अजून वीस पावलं लांब होतं.